दगडावरची शेवटची ओळ

भाऊ मार्चमध्ये गेला. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. धुळ्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाला होता. कबरीवरचा दगड त्याच शहरात करायला टाकला आणि त्यावरचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात शिकलेला मी. जळगावच्या एका कॉलेजात तीस वर्षं ग्रंथपाल होतो. माणूस पुस्तकांजवळ तीस वर्षं बसला की त्याला सगळं कळतं, असा आमच्या नातेवाइकांचा समज आहे. तो मी कधी दूर केला नाही.

नाव, जन्म, मृत्यू एवढं मी त्याच दिवशी लिहून दिलं. आमच्याकडे त्याखाली एक ओळ असते, ‘प्रभूमध्ये निद्रिस्त’. तिथं माझा पेन थांबला. भाऊ प्रभूमध्ये होता का?

बारा वर्षं तो चर्चमध्ये पाऊल ठेवत नव्हता. आमच्या वडिलांनी तरुणपणी बाप्तिस्मा घेतला. त्यांचे भाऊबंद गावीच राहिले, शेती करत, आपले देव पुजत. भाऊ दर श्रावणात त्यांच्याकडे कानबाई देवीच्या सणाला, रोटाच्या जेवणाला जातो, हे चर्चमधल्या कुणीतरी पाहिलं आणि पाळकसाहेबांच्या कानावर घातलं. पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा भाऊ म्हणाला, “जातो.” एवढंच म्हणून तो उठला, तो परत आला नाही. त्यावर मी त्याला चार पानांचं पत्र लिहिलं. एकदा प्रकाश पाहून मागं फिरणाऱ्याचं काय होतं, ते त्यात मुद्देसूद मांडलं होतं. महत्त्वाच्या ओळींखाली पट्टी धरून रेघा मारल्या होत्या. त्याचं उत्तर पोस्टकार्डावर आलं : ‘पत्र मिळालं. तुझं अक्षर सुधारलंय.’

एप्रिलमध्ये वहिनींनी विचारलं, “भाऊजी, ती ओळ का नाही दिली?”

“जरा बघतो,” मी म्हणालो.

“काय बघता?” आणि मग, आवाज उतरवून, “ते तारले गेले ना हो? तुम्ही वाचलेले आहात. मला हो किंवा नाही सांगा. मला झोप लागत नाही.”

हो किंवा नाही. माझ्यासारख्या माणसाला इतका अवघड प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता.

जळगावात मेहरूणच्या माझ्या घरी मी दोनशे पानी वही घेतली आणि मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे, तारण एकदा मिळालं की जात नाही, असं सांगणारी वचनं. उजवीकडे, जाऊ शकतं असं सांगणारी. मे महिन्याच्या उकाड्यात, टॉवेल खांद्यावर टाकून, मी माझ्या सख्ख्या भावाला कधी डावीकडे नेत होतो, कधी उजवीकडे. मेंढपाळाच्या हातातून मेंढरू कुणी ओढून नेऊ शकत नाही, हे वाचून त्याला आत घ्यायचो. दुपारी फांदीचं वाचायचो, वेलात न राहिलेली, वाळून जाळात गेलेली, की पुन्हा बाहेर. जूनअखेर वही भरली. दोन्ही बाजू सारख्याच भरल्या होत्या. मी दुसरी वही आणली.

दगडवाल्याचा दर आठवड्याला फोन यायचा. “सर, दगड पॉलिश करून पडेल आहे. खाली एका ओळीची जागा सोडेल आहे. काय टाकू?”

“थोडा अभ्यास चाललाय.”

“एका ओळीचा?”

श्रावणात वहिनींचा फोन आला. रविवारी कानबाई आहे, गावाहून अक्काचा निरोप आहे, तुम्ही मला घेऊन चला. अक्का म्हणजे आमची चुलती, ऐंशीच्या पुढची. मी म्हणालो, “वहिनी, तिथं आपण…”

“तिथं ते काय करत होते ते मला बघायचंय. तुमच्या वहीत ते सापडत नाहीये.”

गेलो. चाळीस वर्षांनी त्या घरात शिरत होतो. ओसरीत पंगत बसली होती. अक्कानं वहिनींना जवळ घेतलं, बराच वेळ धरून ठेवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “उना का रे भाऊ तू? बस. तुना वाटा शे.”

मला वाटलं, पाहुण्याला म्हणतात तसं म्हणत असेल. पण तिनं समजावून सांगितलं. रोटाचे गहू घेताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ काढायची. त्या पिठाचा रोट घरच्यांनीच खायचा आणि संपवायचा, बाहेर द्यायचा नाही. माझ्या नावाची मूठ दरवर्षी निघत होती.

“पण अक्का, आम्ही तर ख्रिस्ती झालो. घरातून आमची नावं काढून टाकली होती ना?” वडील आम्हाला हेच सांगत आले होते, आणि जरा अभिमानानंच.

“कोनी काढं?” अक्का म्हणाली. “तुना बाप रागमा निंघी गया. आम्ही कसाले काढसूत?”

“मग माझा वाटा कोण खायचं?”

“तुना भाऊ. आपला खाये, मंग तुना खाये. पोट फुगी जाये त्यानं, पन टाके नही.”

पंगतीतला एक चुलतभाऊ म्हणाला, “तुझ्यापायी त्याला रात्री सोडा प्यावा लागायचा.” सगळे हसले. ज्या जेवणाबद्दल मी भावाला चार पानं लिहिली होती, त्यातलं अर्धं तो माझ्यासाठी जेवत होता.

वहिनींनी विचारलं, “अक्का, ते इथं हात जोडायचे का? देवीला?”

“नही. ताट वाढं का डोया मिटी ले, काही पुटपुटे. आम्ही बठ्ठा थांबूत. त्यानं झालं का मंग पंगत चालू.”

“काय म्हणायचे?”

“मी काय सांगू माय? तो त्याना देवसंगे बोले. आमनासंगे थोडाच?”

वहिनींनी पदर तोंडाला लावला. घरी जेवणाआधीची प्रार्थना भाऊच करायचा, चर्च सोडल्यावरसुद्धा, हे त्यांनी मला गाडीत येताना सांगितलं होतं. मी ते सवयीत जमा केलं होतं. आताही माझं डोकं चालूच होतं : ही प्रार्थना पुरावा म्हणून कुठल्या बाजूला लिहावी? तेवढ्यात माझ्यासमोर ताट आलं. रोट, खीर, गंगाफळाची भाजी. अख्खी पंगत हात आवरून माझ्याकडे बघत बसली. मी डोळे मिटेन, म्हणून थांबली होती.

मी दर रविवारी चर्चमध्ये वेदीवरून शास्त्रवाचन करतो, स्वच्छ आवाजात. पण सात वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हापासून स्वतःहून देवाशी एक वाक्य बोललो नव्हतो. हे माझ्या दोन्ही वह्यांत कुठं नाही. डोळे मिटले तर शब्दच येईनात. शेवटी “आमच्या भावासाठी, प्रभू, तुझे उपकार” एवढंच निघालं. कुणीतरी “जेवा आता” म्हणालं, आणि मी जेवलो, आधी माझा वाटा आणि मग अक्कानं वाढलेला आणखी एक तुकडा.

आम्ही परत निघालो. गाडीत वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, आता तुमच्या दगडावर काय लिहायचं? तुम्हीही रोट खाल्लात.”

मी खिशातून फोन काढला. त्या हसल्या, मार्चनंतर पहिल्यांदा. माझ्या हातातला फोन घेऊन त्यांनी स्वतःच दगडवाल्याला लावला. “लिहा, प्रभूमध्ये निद्रिस्त.”

पलीकडून तो म्हणाला, “सरांना द्या जरा. सर, पक्कं ना? पाच महिने लागले म्हणून विचारतोय.”

“मला अजून कळलेलं नाही,” मी म्हणालो. “वहिनींना ठाऊक आहे. तुम्ही कोरा.”