कानबाईशी अबोला आणि केळीची पानं

आमच्या घरी कानबाई देवी बसवतात; तिच्या रोटांच्या सणादिवशी नैवेद्याच्या खिरीचं उकळतं पातेलं माझ्या उजव्या हातावर कलंडलं. कोपरापासून बोटांपर्यंत कातडी सोलून निघाली. तिच्याच घरात, तिचंच काम करताना! मी चौरंगाकडे पाहिलं. नथ घालून ती शांत बसली होती. त्या क्षणापासून मी तिच्याशी बोलणं सोडलं.

आम्ही खान्देशातले, जळगावजवळच्या नशिराबादचे. माझ्या मोठ्या जाऊबाई, अक्का, तुपात अंगारा कालवून आल्या. "सोवळ्यात काहीतरी चुकलं असेल तुझं. हे लाव आणि तिची माफी माग."

"माझं काही चुकलेलं नाही, अक्का. आणि जखमेवर राख मी लावू देणार नाही." हात गार पाण्यात धरून मी नवऱ्याला रिक्षा आणायला सांगितलं. निघताना देवीच्या पाया पडले नाही.

जळगावच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई जखमेवर पांढरं मलम लावत आणि वर जाळीची पट्टी बांधत. ती पट्टी रोज चिकटायची. सोडवताना नुकती धरलेली कोवळी कातडीही तिच्याबरोबर निघायची. मी दात आवळून भिंतीकडे पाहायचे, पण देवाचं नाव घ्यायचे नाही.

शेजारच्या खाटेवर फैजपूरची सुमन होती, स्टोव्ह भडकून माझ्यापेक्षा कितीतरी जास्त भाजलेली. तिची आई सिंधूताई स्वतःच्या बागेतून केळीची कोवळी पानं आणत. ती धुऊन, उकळून, गार करून मलमावर ठेवत. डॉक्टरीणबाईंनी मलाही तसंच सुचवलं, तेव्हा मी उसळले. "राख नको म्हणून इथं आले, आता पाला बांधू?"

"राख जखमेत घाण नेते," त्या म्हणाल्या. "औषध मलमच आहे. उकळलेलं पान फक्त चिकटत नाही, म्हणून वर ठेवायचं."

मला पटलं होतं, तरी मी नाहीच म्हटलं. त्या दिवसांत नाही म्हणणं एवढंच माझ्या हातात उरलं होतं.

सुमन गेली. तिची खाट रिकामी झाली, आणि मी मनातल्या मनात कानबाईला नको नको ते बोलले.

काही दिवसांनी, दुपारी, सिंधूताई वॉर्डाच्या दारात उभ्या राहिल्या. काखेत ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं होती.

"तुह्यासाठी आनली व माय. बागेत पानं तशीच हायेत. घरी बसून मी काय करू?"

माझ्या तोंडून नाही निघालंच नाही. मी हात पुढे केला. दुसऱ्या दिवशी पान अलगद उचललं गेलं, खालची कातडी जागेवर राहिली, आणि मी पहिल्यांदा रडले. हात पुरता बरा होईपर्यंत सिंधूताई पानं आणत राहिल्या.

लोक म्हणतात, देवीनंच सिंधूताईंना धाडलं. असेल. मग सुमनला का नेलंस, हे मी देवीला विचारते, आणि विचारत राहणार. घाबरून हात जोडणं मला जमलं नाही, जमणारही नाही. पण त्या दुपारी एका लेक गमावलेल्या बाईपुढे माझा सगळा ताठा गळून पडला, आणि शरण जाणं म्हणजे काय ते मला तिथं कळलं. दरवर्षी मी फैजपूरला जाते. सिंधूताई म्हणतात, "बस न व घडीभर." मी बसत नाही. याच हातानं भाकरी थापते आणि आधी त्यांना वाढते.