पुणे पासिंगचा रॉड

थांबा, चहाचा कप आधी खाली ठेवा. नंतर नाकातून आला तर मला बोलायचं नाही. माझी अशी काही शोभा झालीय की स्वतःच्या तोंडानं सांगायची लाज वाटते. पण मोहोळवरून ती बातमी सोलापुरात यायच्या आत मीच सांगितलेली बरी. तिकडून आली तर काय काय लागून येईल, सांगता येत नाही!

तर मी शुक्रवार पेठेत राहतो आणि गाड्यांच्या विम्याचं काम करणाऱ्या एका ऑफिसात बसतो. बसतो म्हणजे काय, सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाड्यांचे नंबर टाइप करतो. एमएच १३ म्हणजे आपलं सोलापूर. एमएच १२ म्हणजे पुणे. आता तर लग्नात कुणी आहेराचं पाकीट दिलं तरी मी आधी नंबर शोधतो. हे लक्षात ठेवा, कारण सगळी गडबड त्याच्यातच आहे.

आईनं लग्नाचा बायोडाटा करायला लावला. त्यात एक रकाना, 'छंद'. मला कुठला छंद? मोबाइल. पण ते लिहितं का कुणी? त्या दिवसांत मी जेवताना परदेशातले मासेमारीचे व्हिडिओ बघायचो. मोठं तळं, पांढरी बोट, टोपीवाला माणूस आणि त्याच्या हातात 'बास' नावाचा जबडा फाकवलेला जाडजूड मासा. टाकलं लिहून, 'फिशिंग'.

एक शब्द. फक्त एक शब्द! तिथंच बुडालो.

मोहोळचं स्थळ आलं. मुलगी वैष्णवी, तिथंच बँकेत नोकरीला. ती पोहे घेऊन बाहेर आली आणि खरं सांगतो बे, मी ते पोहे चावलेच नाहीत. डायरेक्ट गिळले. म्हटलं, झालं, हीच! आता फक्त हिच्या वडिलांनी हो म्हणायचं.

वडील म्हणजे तात्या. पांढरी मिशी, रांगडा आवाज. चष्मा नाकावर ओढून ते माझा बायोडाटा वाचत होते. शेवटच्या ओळीवर थांबले.

"फिशिंग?"

"हो काका."

"आरं वा! मला बी लई नाद हाय की! काय लावता तुमी गळाला? गांडूळ का कणीक?"

इथं मी 'कणीक' म्हणून गप्प बसलो असतो ना, तर आज पत्रिका छापायला गेली असती. पण नाही! वैष्णवी दारात उभी होती ना.

"छे छे, काका," मी म्हटलं. "आम्ही जिगवाले. बास जिग."

जिग म्हणजे काय, तेवढं मला व्हिडिओतून माहीत होतं. शिशाच्या गोळीत बसवलेला गळ आणि त्याला घागऱ्यासारखी रबराची झालर. ते पाण्यात तळाशी सोडायचं आणि ठुमकत ठुमकत नाचवायचं. मासा भुलतो.

तात्यांनी चष्मा काढला. "बास? त्यो मासा हितं कुटं घावतोय हो?"

"मासा महत्त्वाचा नाही काका. तंत्र महत्त्वाचं."

हे वाक्य माझ्या तोंडातून कसं आलं, देव जाणे. पण तात्या एकदम खूश!

"ह्ये बराबर बोलला! जिगला आपल्याकडं मरळ घेती की. पर जिगला रॉड वाईच बघून घ्यावा लागतोय. तुमचा कुटला हाय?"

"चांगला आहे."

"चांगला म्हंजी?"

"म्हणजे... लांब आहे."

तात्यांनी माझ्याकडं पाच सेकंद बघितलं. मग म्हणाले, "असं करा, रविवारी आष्टीच्या तलावावर या. रॉड घिऊन. मानूस मला बोलण्यावरनं कळत न्हाय, त्येच्या रॉडवरनं कळतोय. मग बोलू पुढचं."

म्हणजे माझं लग्न आता एका काठीवर आलं! आणि निघताना तात्या मला जिन्यापर्यंत सोडायला आले, तेव्हा हळूच म्हणाले, "मागच्या महिन्यात पुण्याचं स्थळ आलतं. मी न्हाय म्हणून सांगितलं. आपल्याला आपल्या जिल्ह्यातलाच पायजे. पुण्याचं काय बी नको बघा."

हे मी काळजावर कोरून घेतलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत गाडी काढली आणि जाळी, गळ, दोऱ्या विकणाऱ्या एका दुकानात गेलो. दुकानात पांढऱ्या दाढीचे चाचा, नायलॉनचं जाळं मांडीवर घेऊन सांधत बसलेले.

"बोलो मियाँ, क्या होना?"

"रॉड पाहिजे चाचा."

"कायके वास्ते? कौनसी मछली?"

"बास."

चाचांनी मान वर केली. "अब्बी तो एकीच सवाल पूछा मैं. इत्तेमें बास?"

"तसं बास नाही हो! माशाचं नाव बास. जिग टाकायचाय, जिग."

"हां, ऐसा बोलो ना! जिगकू तो कडक रॉड होना." चाचा उठले आणि कोपऱ्यातून एक काळा, ऐटदार रॉड काढला. सात फुटांचा. हातात घेतला तर काय सांगू, तलवार धरल्यासारखं वाटलं! मूठ कशी, भारदस्त! मी मनातल्या मनात वैष्णवीसमोर उभा राहून तो दोनदा फिरवलासुद्धा.

आणि मग माझी नजर मुठीच्या वर गेली. तिथं बारीक सोनेरी अक्षरात छापलं होतं, 'एमएच १२-२०'.

मी रॉड चटकन चाचांच्या हातात परत दिला.

एमएच १२! पुणे! आता तुम्हीच सांगा, तुम्ही दुसरं काही वाचलं असतं का? बरं, वाचलं असतं. पण दिवसाला शंभर नंबरप्लेट टाइप करणारा माणूस काय वाचणार?

"चाचा, हा तर पुणे पासिंग आहे!"

"क्या है?"

"पुण्याचा आहे हा. एमएच बारा. आपल्या सोलापूरचा द्या ना. एमएच तेरा."

चाचा माझ्याकडं बघत राहिले. मग रॉडकडं बघितलं. मग परत माझ्याकडं.

"तेरा नै आता."

"स्टॉक संपला?"

"स्टॉक की बात नै बाबा. ये एमएच बोले तो मीडियम..."

"मीडियमचं काही टेन्शन नाही चाचा, मी मराठी मीडियमचाच आहे. फक्त पुण्याचा नको."

चाचांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, माझ्या जिल्हाप्रेमानं भारावले असतील. मग त्यांनी दुसरा रॉड काढला, त्याच्यापेक्षाही जाड. त्याच्यावर नुसतं 'एच'.

"ये लो, ये और कडक. जिगकू ये बी एक नंबर चलता."

एच. मी विचार केला. एच म्हणजे कुठलं? आपल्या सोलापूरला जवळ काय? हैदराबाद!

"नको चाचा. परराज्यातला तर अजिबातच नको."

"मियाँ, तुमकू मछली पकडना है की जनगणना करना है?"

मी दुर्लक्ष केलं. कारण तोपर्यंत मला भिंतीवर टांगलेला एक निळा, सडपातळ रॉड दिसला होता. त्याच्यावर एकच अक्षर. 'एल'.

एल! लोकल! माझ्या डोक्यात दिवाळीच पेटली. आपला, इथला, जिल्ह्यातला!

"हा द्या!"

"ये?" चाचांनी तो भिंतीवरून काढलाच नाही. "ये चिलापी का है. इत्ती इत्ती मछली का. इसपे जिग डालेंगे तो नमस्कार करता वो."

"करू दे की. आपल्याकडचा आहे ना, वाकणारच. नम्र असतात आपली माणसं."

चाचांनी निमूटपणे रॉड काढून दिला. रीळ, दोरा आणि जिगची दोन पाकिटं दिली. मी बाहेर पडलो तेव्हा मागून आवाज आला, "या अल्ला, मछलियों की खैर है." मी तो आशीर्वाद समजलो.

रविवारी सकाळी तलावावर पोचलो. तात्या तर होतेच, पण वैष्णवीसुद्धा आली होती. लहानपणापासून ती तात्यांबरोबर गळ टाकते म्हणे! हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. पण म्हटलं, रॉड आहे ना हातात.

तात्यांनी रॉड हातात घेतला. टोक जरासं हलवलं. ते वाऱ्यावर कडब्याची काडी हलावी तसं हललं.

"ह्यो हाय तुमचा रॉड?"

मी छाती पुढं काढली. "हो काका. मुद्दाम लोकल घेतलाय."

"व्हय," तात्या म्हणाले. "दिसतंय की."

वैष्णवीनं पदर... छे, ओढणी तोंडाला लावली. मला वाटलं, लाजली.

तात्यांनी पाण्याकडं बोट दाखवलं. तलावाच्या त्या बाजूला बुडालेल्या बाभळी आणि शेवाळ. "मरळ तितंच बसती. टाका बाभळीच्या बुडात. आणि घेतली की लगीच भायेर काढायची, आत शिरली तर संपलं."

मी व्हिडिओतल्या माणसासारखा रॉड मागं नेला. जिगच्या वजनानं रॉडचं टोक जे मागं वाकलं ते माझ्या कमरेला येऊन टेकलं. जोर लावून पुढं फेकला. जिग बाभळीपर्यंत जायचा होता, तो माझ्या बुटापासून चार हातांवर पडला. डुबुक!

"वारा आहे," मी म्हटलं.

पान हलत नव्हतं.

आठव्या का नवव्या फेकीत मात्र काय झालं माहीत नाही, जिग बरोबर बाभळीच्या बुडात गेला. मी ठुमकवला. एकदा, दोनदा. आणि अचानक खाड्दिशी झटका!

"घेतली!" तात्या ओरडले. "मरळ हाय! वढा! वढा!"

"ओढतोय की!"

"आवो वढा म्हणतोय, वाकताय काय?"

मी नव्हतो वाकत हो, रॉड वाकत होता! टोक पार मुठीकडं आलं, अक्षरशः शेवयांचा गोल झाला. मी मागं सरकतोय, रॉड अजून वाकतोय, आणि मरळ आपली निवांत, घरी निघाल्यासारखी बाभळीत शिरतेय. एकदा शेपटी दिसली तिची. माझ्या मांडीएवढी! मग फट्. दोरा तुटला, आणि मी शेवाळात बसलो.

तात्या खाली वाकले, माझा रॉड उचलला, चष्मा लावला.

"ह्येच्यावर यल लिवलंय."

"तेच तर सांगितलं काका. लोकल."

तात्यांचं तोंड उघडं राहिलं. "कोन लोकल?"

आणि मी, शेवाळात बसल्या बसल्या, अजूनही त्यांना खूश करायच्या नादात, सगळं सांगितलं! "दुकानदार पुण्याचा गळ्यात मारत होता काका. एमएच बारा. मी हातसुद्धा लावला नाही. मग हैदराबादचा दाखवला..."

तात्यांनी शांतपणे स्वतःचा रॉड माझ्या डोळ्यांसमोर धरला. काळा, सात फुटांचा. सोनेरी अक्षरं. एमएच १२-२०.

"काका, तुम्ही पण पुण्याचा?"

"आवो मीडियम हेवी!" तात्या एवढ्यानं ओरडले की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. "एमएच म्हंजी मीडियम हेवी! बारा ते वीस पौंड पेलनारा दोरा चालतोय त्येला! जिगला ह्योच लागतोय! आणि यल म्हंजी लाईट, बारक्या चिलापीचा!"

मी बुटातलं शेवाळ काढलं. मग काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून विचारलं, "मग एच?"

"हेवी!"

"हैदराबाद नाही?"

वैष्णवी आता ओढणी वगैरे सोडून, दगडावर पालथी पडून हसत होती. तात्यांनी रॉड खाली ठेवला आणि माझ्यासमोर उकिडवे बसले.

"पोरा, आता खरं सांग. जल्मात कदी मासा धरलाईस का?"

अहो-जाहोवरून एकदम अरे-तुरेवर आले, तेव्हाच ओळखलं की आता खोटं बोलण्यात अर्थ नाही.

"नाही काका. खाल्लाय."

"मग बायोडाटात का लिवलं?"

"रकाना मोकळा होता."

तात्यांनी सुस्कारा सोडला आणि वैष्णवीकडं वळले. "काय गं, काय करायचं ह्येचं? तूच सांग. तुजं आयुष्य हाय."

वैष्णवी उठून बसली. डोळे पुसले. माझ्याकडं असं निरखून बघितलं, की माझ्या मनात आशेचा अंकुर फुटला. हसली की आता! हसते म्हणजे आवडलो!

"तात्या," ती म्हणाली, "लई बारका मासा घावला तर आपण काय करतो?"

"काय करतो, परत पाण्यात सोडतो. मोटा झाला की बघू म्हणतो."

"मग?"

तात्यांनी मान डोलावली, मला हाताला धरून शेवाळातून उठवलं आणि मोहोळच्या स्टँडवर आणून सोडलं.

तर हे असं आहे. नाही म्हणाली नाही ती, हे नीट लक्षात घ्या! आई रोज विचारते, मोहोळवाल्यांचं काय झालं, आणि मी सांगतो, बोलणी चालू आहेत.

आता आईला कसं सांगू बे, की मला तिकडं पाण्यात सोडलंय आणि मी वाढतोय म्हणून?