व्हॅनिला चवीची अठाई

हे मी अजून कुणाजवळ बोललेलो नाही. म्हणजे — सलीमभाईला अर्धं ठाऊक आहे आणि माझ्या मुलीला दुसरं अर्धं. पण ही दोन अर्धी जोडून कुणाच्या हातात दिलेली नाहीत. तुमच्याच देतोय. तुम्ही माझे कोण? ना सोयरे, ना गिऱ्हाईक. म्हणून तर जीभ उचलतेय.

जुन्नरच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान आहे. आम्ही जैन, मूळचे मारवाडातले. पण इथं तीन पिढ्या गेल्या, त्यामुळे घरात भांडणंसुद्धा मराठीतच होतात. ही गोष्ट घडली तेव्हा वय चौसष्ट. आणि वजन — आता सांगायलाच बसलोय तर लाजायचं कशाला — तेव्हाचं वजन एकशे एकतीस किलो. हे मला दुकानातल्या मोडीच्या काट्यावर कळलं. लोक जुनी तांब्यापितळेची भांडी मोडीत घालायला आणतात, ती तोलायचा काटा तो. दुपारी बाजार थंड असताना मी हळूच त्यावर उभा राहिलो, आकडा बघितला, आणि काटा बिघडला असणार म्हणून उतरलो. मग त्यावर घंगाळ ठेवून बघितलं. काटा ठीक होता.

गादीवरून उठायला मी खांबाला दोरी बांधून घेतली होती. गिऱ्हाईकाला वाटायचं, पितळी घंटा टांगायची असेल. साखर होती, बीपी होतं, गुडघे बोलायचे, आणि घोरणं असं की शेजारच्या घरातलं तान्हं पोर रडायचं. शेवटी मुलीनं — पिंकीनं — पुण्याला नेऊन एका डॉक्टरसमोर बसवलं. त्यांनी सांगितलं, पोट लहान करायचं ऑपरेशन करू. वय जास्त आहे म्हणून हृदयाच्या, फुप्फुसांच्या चाचण्या जास्त होतील, पण होईल. मी तयार झालो. खरंच सांगतो, मला मरायचं नव्हतं.

मग लपवलं का? तिथंच तर मेख आहे.

आमच्या समाजात उपास ही कौतुकाची गोष्ट. पर्युषणात आठ-आठ वर्षांची पोरं दिवसभर नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहतात. कुणी सलग आठ दिवसांची अठाई करतं, कुणी महिनाभराचं मासखमण. आणि अशा समाजात मी, भांडीवाला शेठ, तोंडाला आवर घालता येत नाही म्हणून पोट कापून घ्यायला निघालेलो! लोक काय म्हणाले असते? काही म्हणाले नसते हो. नुसते हसले असते. तेच मला नको होतं. म्हणून बायकोला — कंचनला — सांगितलं, हर्नियाचं ऑपरेशन आहे. दोन्हीला पोटावर बारीक भोकंच पडतात. पिंकीला म्हटलं, आई घाबरेल, तू बोलू नकोस. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला आपण एवढ्या सहज फसवू शकतो, हे मला त्या दिवशी समजलं आणि — खोटं कशाला बोलू — थोडा अभिमानही वाटला.

आता तयारी. डॉक्टरांनी तीन छोट्या चेंडूंचं एक प्लास्टिकचं यंत्र दिलं. नळीतून श्वास ओढायचा, चेंडू वर उचलायचे. कंचननं विचारलं, हे काय? म्हटलं, ध्यानाचं आहे. ती रोज सकाळी माझ्यासमोर हात जोडून बसायला लागली. दुसरं काम चालण्याचं. मी शिवनेरीच्या पायथ्यापर्यंत जायचो आणि वर बघून परत यायचो. आणि तिसरं काम — ऑपरेशनआधी दोन आठवडे फक्त पातळ. गाळलेलं सूप, ताक, आणि दिवसातून चार वेळा प्रोटीनची पावडर पाण्यात हलवून. यानं लिव्हर आकसतं आणि डॉक्टरांच्या दुर्बिणीला वाट मिळते. डॉक्टर म्हणाले होते, चोरून खाल्लंत तर मला आत गेल्यावर दिसेल. हे वाक्य माझ्या मनावर असं बसलं म्हणून सांगू — देव बघतोय हे लहानपणापासून ऐकत होतो, त्याचं कधी एवढं भय वाटलं नाही.

पण दोन आठवडे घरात जेवायचं नाही, याचं कारण काय द्यायचं? नेमकं दुसऱ्या दिवशी पर्युषण सुरू होणार होतं. कंचननं दाल-बाटी केली होती, तुपात बुडवलेली. ताट समोर आलं. मी हात मागे घेतला. तिनं विचारलं, काय झालं? आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं —

"मी अठाई करतोय."

पळी तिच्या हातातच राहिली. जो माणूस पर्युषणाच्या शेवटच्या दिवसाचा, संवत्सरीचा एकच उपाससुद्धा पित्ताचं निमित्त काढून मोडायचा, तो अठाई करणार! तिचे डोळे भरून आले. मी म्हणणार होतो, अगं, जमलं तर. तोवर ती शेजारी सांगायला गेलीसुद्धा. तासाभरात सगळ्या पेठेला कळलं. मी ताटातल्या बाटीकडे बघत बसलो होतो.

सकाळी स्थानकात, म्हणजे आमच्या धर्मस्थानात, साध्वीजींसमोर उभं राहून उपासाचं पच्चक्खाण, म्हणजे व्रत घ्यायचं असतं. शेवटी आपण 'वोसिरामि' म्हणायचं — मी त्याग करतो. मी म्हटलं. पण मनात काय म्हटलं, सांगू? मनात म्हटलं, घन आहाराचा. चौसष्ट वर्षांच्या माणसानं वकिलासारखी पळवाट काढली, आणि समोर पांढऱ्या वस्त्रातली ती अनवाणी बाई मला मनापासून आशीर्वाद देत होती.

आता पावडर प्यायची कुठं? माझ्या दुकानाला लागून सलीमभाईचं गाद्यांचं दुकान. आमची दोस्ती शाळेपासूनची. त्याला ऑपरेशनचं सांगितलं, पावडरीचा डबा त्याच्या कापसाच्या ढिगात ठेवला. कापूस पिंजायचं यंत्र सुरू झालं की त्या आवाजात मी डबी खळाखळा हलवायचो आणि गाद्यांच्या थप्पीमागे उभा राहून घटाघट प्यायचो. व्हॅनिला चव. सलीमभाई दाढीवरचा कापूस झटकत म्हणायचा, "शेठ, आमी रोजा धरतो तवा पाण्याचा घोट न्हाई घेत. तुमचा उपास लई पौष्टिक हाय, राव!" मी म्हणायचो, गप बस. तो हसायचा. मीही हसायचो. मजा वाटत होती, कबूल करतो.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी आहे ना? तुम्हीही हसला असाल. मला ठाऊक आहे, मी हा भाग मुद्दाम लांबवतोय.

कंचननंही त्याच सकाळी पच्चक्खाण घेतलं होतं.

मला विचारलं नाही. घरी येऊन सांगितलं — तुमी उपाशी आणि मी जेवायचं, हे मला जमायचं नाय. ती घोडेगावची. तिथल्या माहेरात तिनं जास्तीत जास्त तीन दिवसांचा उपास केला होता. अंगानं काडी. पिंकीला तिनं कळवलंच नाही, पोरगी ओरडेल म्हणून. आणि तिनं खरी अठाई केली हो. सूर्य वर आल्यावर उकळून गार केलेलं पाणी, आणि सूर्य मावळला की तेही नाही. मी सूप पिऊन घरी यायचो आणि ती माझे पाय चेपायला बसायची. का? तर तपस्वी माणसाला थकवा येतो.

चौथ्या-पाचव्या दिवशी बायका घरी येऊन साता, म्हणजे तपस्व्याची खुशाली, विचारायला लागल्या, गाणी म्हणायला लागल्या. मला बघून म्हणायच्या, शेठजींच्या चेहऱ्यावर तर उलट तेज आलंय! येणारच. दिवसाला चार वेळा प्रोटीन.

सहाव्या दिवशी दुपारी घरून फोन आला — कंचन ओट्यापाशी भोवळ येऊन पडली.

मी धावत गेलो. धावत म्हणजे, माझ्यापरीनं. ती खाटेवर होती, ओठ पांढरे पडलेले, शेजारणी वारा घालत होत्या. साध्वीजींचा निरोप आला होता की शरीर साथ देत नसेल तर व्रत सोडायला हरकत नाही. शेजारणीनं मुगाचं पाणी करून वाटी तिच्या ओठांशी धरली. तिनं तोंड फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"तुमी करताय ना अजून? मग मी कशी सोडू?"

मी तिच्याजवळ वाकलो होतो. तिनं हात उचलला — तो हात किती वेळ हलत वर आला — आणि माझ्या मिशीवरून काहीतरी पुसलं. म्हणाली, सलीमभाईंचा कापूस लागलाय.

कापूस नव्हता तो.

एक वाक्य पुरलं असतं. 'कंचन, मी उपाशी नाही.' एवढंच. ती वाटी तिनं तिथंच प्यायली असती. नंतर रागावली असती, माहेरी गेली असती, समाजात माझी छी-थू झाली असती — पण ती प्यायली असती. चार बायका उभ्या होत्या. मला त्या चार बायकांची भीती वाटली. बायको समोर पांढरीफटक पडलीय, आणि मी कुणाला घाबरतो? शेजारणींना. मी घसा साफ करून म्हटलं,

"जशी तुझी शक्ती."

काय पण वाक्य! बायकांनी माना डोलावल्या. कंचननं डोळे मिटले आणि मुगाची वाटी परत गेली. तिनं आठही दिवस पूर्ण केले. मी दुकानात जाऊन संध्याकाळचा डोस घेतला. सलीमभाईनं विचारलं, भाभी कशा हायेत? म्हटलं, बरी आहे. तिनंही अठाई धरलीय, हे मी त्यालासुद्धा सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो हसला नसता. त्यानं डबाच उचलून रस्त्यात फेकला असता.

संवत्सरीला आम्ही सगळ्यांची क्षमा मागतो, जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर. मी तिच्यासमोर हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हटलं. तीच माझ्या पाया पडली. म्हणाली, तुमचं काय चुकणार?

मग मिरवणूक. बँड, उघडी जीप, मला फेटा. माझ्या बाजूला कंचन, पैठणीत हरवलेली. समाजानं चांदीच्या मुलाम्याचं तबक देऊन सत्कार केला. ते तबक माझ्याच दुकानातून गेलं होतं, मीच बांधून दिलं होतं. पारण्याच्या वेळी तिनं मुगाच्या पाण्याचा पहिला चमचा आधी मला भरवला. तिचा हात इतका थरथरत होता की अर्धं पाणी माझ्या सदऱ्यावर सांडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पारण्यानंतर हलकंच खायचं असतं, त्यामुळे पातळ आहाराचा दुसरा आठवडाही बिनबोभाट पार पडला. एवढी सोय मला कुठल्याही धंद्यात कधी झाली नव्हती.

ऑपरेशन झालं. कंचन बाहेर माळ ओढत बसली होती. डॉक्टर खूश. मला शुद्ध आल्यावर म्हणाले, तुमच्या वयाचे पेशंट इतकं पथ्य पाळत नाहीत, लिव्हर अगदी छान आकसलं होतं. आयुष्यात एका माणसाशी मी पुरता प्रामाणिक राहिलो, तो हा डॉक्टर.

नंतर वजन उतरत गेलं. पँटी सुटायला लागल्या, खांबाची दोरी काढून टाकली, घोरणं थांबलं. कंचन भेटेल त्याला सांगते — अठाईचं फळ आहे. आळे गावाहून एक जाडजूड पाहुणे खास विचारायला आले, अठाईनंतरही वजन कमी होत कसं राहिलं? म्हटलं, भावना लागते. दुसऱ्या वर्षी चातुर्मासात एका व्याख्यानात माझं उदाहरण देण्यात आलं, नाव न घेता. सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. त्यालाही लोक विनय म्हणाले.

आणि कंचन? ती तेव्हापासून दरवर्षी अठाई करते. मला डॉक्टरांनी मनाई केलीय, ती माझ्या वाटचीही करते. आता साठीची झाली. मागच्या पर्युषणात दोनदा चक्कर आली, तरी म्हणाली, तुमी एवढ्या शरीरानं आठ दिवस काढले, मला काय धाड भरलीय?

यंदा तिनं मासखमण धरायचं ठरवलंय. तीस दिवस. तुमच्यामुळे हिंमत आली, असं सगळ्यांना सांगतेय. पिंकी फोनवर रडली, ओरडली. उपयोग झाला नाही. उद्या सकाळी पच्चक्खाण.

आज दुपारी तिचं शेवटचं जेवण होतं. मी तिला स्वतः वाढलं. माझ्या लहान पोटात दोन घासच मावतात, ते संपवून मी तिच्यासमोर बसून राहिलो. नुसते आम्ही दोघं. शेजारीण नव्हती, समाज नव्हता, घाबरायला कुणीसुद्धा नव्हतं. तिनं निम्मी पोळी खाल्ली, ताटाकडे बघत थांबली, आणि हळूच विचारलं, "खरं सांगा. जमेल ना मला?"

"जमेल," मी म्हणालो.