फिल्टरबाई आणि बाबांचा लांब सूर

आमच्या ताईला कॉलेजात सगळे ‘फिल्टरबाई’ म्हणतात. तिला ते माहीत आहे आणि मनातून आवडतंही. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची मुलं मोटारींच्या मागे होती, तेव्हा ही आवाजाचे आकडे करून त्यातला गोंगाट गाळत बसायची. “आकड्यांनी पोट भरतं का?” असं विचारणारे काका आता “आमची प्राध्यापक पुतणी” म्हणून मिरवतात. मिरवू देत. पण भाऊ म्हणून बढाई मारायचा पहिला हक्क माझा.

वर्गात तिचं एक वाक्य ठरलेलं होतं : “जो आवाज बदलत नाही, त्यात सांगण्यासारखं काही नसतं.” पंख्याची घरघर, यंत्राची शिट्टी, सगळं या नियमाने गाळायचं. त्यावरच तिने कानाचं यंत्र बनवलं, नाव कमावलं आणि ते बाबांच्या कानाला लावलं.

बाबा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. कान गेल्यावरही ते रोज अंदाजाने वाजवत आणि आम्ही निमूट सोसत असू. यंत्र लागताच ते आईशी भांडू लागले, म्हणजे बोलणं नीट ऐकू येत होतं. मग त्यांनी क्लॅरिनेटवर लांब सूर धरला आणि मध्येच थांबले.

“सूर निघतो आणि विझतो गं. असू दे, बोलणं कळतंय, खूप झालं.”

त्यांनी क्लॅरिनेट पेटीत ठेवून दिलं. ताईचा चेहरा पडला. न बदलणारा सूर यंत्राने शिट्टी समजून गाळला होता.

यंत्र विकणारे कंपनीवाले म्हणाले, “एका म्हाताऱ्यासाठी यंत्र कशाला बदलायचं?” असा प्रश्न ताईला विचारायचा नसतो. दुसऱ्या दिवशी तिने आपलं वाक्य फळ्यावर लिहिलं आणि वर्गासमोर खोडलं.

“नियम माझा, चूकही माझी. लागा कामाला.”

महिनोन्‌महिने बाबांचे सूर तपासल्यावर फरक सापडला : माणसाचा श्वास सूर धरताना किंचित हलतो, यंत्राची शिट्टी हलत नाही.

नवं यंत्र लावून बाबांनी सूर धरला. तो संपेपर्यंत कुणी हललं नाही. मग ते आमच्यावर उखडले.

“मी इतका बेसूर वाजवतोय? आणि घरात एकानेही सांगू नये?”

“सांगून ऐकलं कुणी असतं?” आई म्हणाली.

ताई हसता हसता रडू लागली. बाबांचं लक्षच नव्हतं. त्यांनी ओठ सावरले आणि तोच सूर पुन्हा धरला. या वेळी तो जागेवर लागला.