तिला विचारायचं राहिलं

वीस वर्षं शहागंजात साड्या विकून मी समुपदेशक झालो. डॉक्टर नाही, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेऊन आरोग्य केंद्रात दारू आणि उदासी यांवर लोकांशी बोलणारा साधा माणूस. बोलण्यात मात्र मला कुणी हरवू शकत नसे.

मुकुंदवाडीचा एक वेल्डर बायकोसोबत यायचा. पिऊनही ‘प्यायलो नाही’ म्हणायचा. मग मी अक्कल लढवली. कॅलेंडर दिलं: न प्यायलेल्या दिवसावर निळी खूण, प्यायलेल्यावर लाल. पेन दिला बायकोच्या हातात.

“वहिनी, आजपासून इन्स्पेक्टर तुम्ही.”

“घ्या! दादांनी घरातच पोलीस बसवला,” तो म्हणाला. ती कसनुसं हसली.

दर मंगळवारी ती कॅलेंडर पिशवीतून काढायची. मी विचारायचो, “खरं बोलतोय का हा?” ती म्हणायची, “व्हय.” एवढंच. साक्षीदार असावा तर असा, असं मला वाटायचं. निळ्या खुणा वाढल्या, तसा मी ते कॅलेंडर पोराच्या निकालासारखं सगळ्यांना दाखवत सुटलो.

एका मंगळवारी तो एकटाच आला.

“इन्स्पेक्टर कुठंय?”

“माहेरी, लासूर स्टेशनला. उठतच नाय, दादा. जेवत नाय. भिंतीकडं तोंड करून पडती. अन् म्या तर थेंब घेतला नाय!”

उदासीचे नऊ प्रश्न असलेला कागद माझ्या खणात होता. नव्या पेशंटला ते विचारायचेच, असा नियम. पण तिच्या नावाचा केसपेपर नव्हता, म्हणून ती माझ्या लेखी पेशंटच नव्हती.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन लासूरला गेलो. ती बाजेवर बसली होती. झोप? भूक? थकवा? उत्तरं चार असतात, ‘कधीच नाही’पासून ‘जवळजवळ रोज’पर्यंत. ती प्रत्येकाला म्हणत होती, “रोज.”

मरून जावं असं वाटतं का, हा शेवटचा प्रश्न मी कागदात तोंड खुपसूनच वाचला.

“रोज.”

“कधीपासून?”

“तुमी पेन दिला त्याच्या आधीपासून.”

“मग वहिनी, बोलला का नाहीत?”

“तुमी त्याचंच इचारत व्हता.”

मी तिच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, एकटीला सोडू नका, आत्ताच घेऊन या. गाडी दारात आली. तिची आई खाली बसून तिच्या पायात चप्पल सरकवू लागली. एक पाय तिनं पुढं केला. दुसराही करायचा असतो, हे तिच्या ध्यानातच येईना.