उसनं दुखणं

माणसावर पटकन विश्वास ठेवायचा नाही, हे मी दुकानात बसून शिकले. जुन्नरच्या बाजारात अब्बांचं बांगड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक हात पुढं करतं तेव्हा अब्बा आधी मनगट बघतात आणि मग चेहरा. "जो भाव करत नाही त्याच्यावर नजर ठेव," असं ते म्हणतात, आणि मी लहानपणापासून ठेवत आले. वसतिगृहातल्या मैत्रिणी मला सीआयडी म्हणायच्या. म्हणू देत. त्यांचे चार्जर चोरीला जायचे, माझा एकदाही गेला नाही.

नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना आमच्या कॉलेजात जागतिक आरोग्य परिषदेचं खूळ निघालं. हायवेलगत एकाच आवारात नर्सिंग, फिजिओथेरपी आणि फार्मसी अशी तीन कॉलेजं. तिन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी मिळून परिषद भरवायची. नेपाळ, केनिया, ब्राझील इथले विद्यार्थी पडद्यावरून सामील होणार. फिजिओथेरपीचा एक उंचापुरा मुलगा अध्यक्ष झाला आणि त्या दिवसापासून तो इस्त्रीच्या शर्टाशिवाय दिसला नाही. अब्बांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "जगातली माणसं आपल्याकडं येणार? त्यांना काय पाहिजे, ते आधी विचार." मी म्हटलं, काही नको त्यांना. तेव्हा ते म्हणाले, "मग तर नक्कीच विचार."

परिषदेत एक फेरी नकली पेशंटची होती. गावातली एखादी बाई मंचावर बसणार, आम्ही लिहून दिलेलं दुखणं सांगणार, पडद्यावरचे पाहुणे विद्यार्थी प्रश्न विचारून रोग ओळखणार. मध्ये बसून दोन्हीकडचं भाषांतर करायचं काम माझं, आणि पेशंट शोधून त्यांची तालीम घ्यायचं कामही माझंच. "तुला बोलायला लागतंच की," असं अध्यक्ष म्हणाला.

पेशंट मिळेनात. 'नकली का होईना, रोगाचं नाव तोंडातून काढायचं नाही' म्हणून शेजारच्या बायका लांब पळायच्या. आणि अशात घोडेगावच्या आठवडी बाजारात हातसडीचा तांदूळ विकायला बसलेली एक मावशी आपण होऊन म्हणाली, "म्या येते की." डोंगराकडची बाई, पन्नाशी ओलांडलेली, चेहरा उन्हानं रापलेला. आम्ही काय करणार, किती वेळ बसवणार, काय देणार, काहीच विचारलं नाही. एकच विचारलं, "तिथं मोठ्या डाक्तरणी असत्यात ना?"

माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली. एसटीचे दोन टप्पे करून, बाजाराचा दिवस बुडवून कोणी फुकट येतं का? अध्यक्षाला म्हटलं, यात पाणी मुरतंय. तो म्हणाला, "तुझ्या डोक्यात मुरतंय."

पहिल्या तालमीला मावशी वेळेच्या आधी हजर. तिचं दुखणं सोपं होतं. साखरेचा आजार, पायाला जखम, जखम भरत नाही. तिनं ते शहाण्या मुलीसारखं म्हणून दाखवलं. मग थांबली, पदर सारखा केला आणि स्वतःच्या पदरचं घालून सांगू लागली.

"आन डोकं लई ठणकतंय. तोंड सुजतंय. डोळ्यांपुढं काजवे चमकत्यात. हातातल्या बांगड्या रुतत्यात, निघता निघत न्हाईत. याला काय करायचं?"

"मावशी, हे कागदात नाही," मी म्हटलं.

"न्हाई का? पर याला काय करायचं?"

अध्यक्ष हसला. त्याला वाटलं, म्हातारी रंगात आलीय. मी मात्र तिच्या हाताकडं बघत होते. बांगडीवाल्याची पोर मी. तिच्या मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या आणि हात वर केला की कोपरापर्यंत घसरत होत्या. रुतत्यात म्हणे! इतकी सैल बांगडी अब्बांनी कुठल्या गिऱ्हाइकाच्या हातात भरली असती तर दुकान बंद करावं लागलं असतं. बाई खोटं बोलत होती, आणि का ते मला कळत नव्हतं.

मग माझं डोकं चाललं. काही दिवसांपूर्वी मोबाइलवर बातम्या करणारा एक जण आमच्या मेसच्या आमटीचा व्हिडिओ काढून गेला होता. त्यानंच हिला पाठवली असेल. आम्हाला काय येतं नि काय येत नाही, ते चव्हाट्यावर आणायचं असेल. मैत्रिणींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं, तुला झोपेत उशीपण संशयास्पद दिसते." दिसते तर दिसते.

दुसऱ्या तालमीत तिनं पुन्हा तेच केलं, वर बरगडीखाली कळ येते असं नवीन जोडलं. मी चिडले. "मावशी, तुम्हाला साखरेचा आजार आहे. साखरेचा! बाकीचं बोलायचं नाही." तिचे डोळे माझ्यावरून हलले नाहीत. तिलाही माझा संशय येत होता, हे मला त्या वेळी पहिल्यांदा जाणवलं. मी कोण, कुणाची, कुणाला काय सांगेन, याचा ती अंदाज घेत होती.

तालीम संपल्यावर मी तिच्या मागं गेले. हो, सरळ मागं गेले, लाज कसली त्यात? स्टँडसमोरच्या मेडिकलमध्ये ती शिरली. मी बाहेर रसाच्या गाड्याशी उभी राहिले. ती दुकानदाराला म्हणत होती, "डोकं ठणकतंय, नजरंला अंधारी येतीया, गोळी द्या." त्यानं विचारलं, "पेशंट कुठंय?" "मीच की." "मग बीपी मोजून या, चिठ्ठी आणा." ती पायरी उतरली आणि एसटीत जाऊन बसली. म्हणजे गोळ्यांसाठी सोंग चाललंय तर. ताकाला जाऊन भांडं लपवते ही बाई, असं मी ठरवून टाकलं.

परिषदेच्या दिवशी सभागृहात फुलं, फलक आणि भलीमोठी स्क्रीन. अध्यक्षाचा शर्ट पांढराफेक. मावशी धुतलेलं लुगडं नेसून आली होती, पण तिचा चेहरा बरा नव्हता. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नसावा. मंचावर बसताना मी तिच्या कानात म्हटलं, "फक्त साखर. दुसरं काही बोललात तर बघा." आता आठवलं की माझ्याच जिभेचा राग येतो.

नेपाळची मुलगी पडद्यावर आली. आमच्यासारखीच नर्सिंगची विद्यार्थिनी, मागं भिंतीवर लोकरीची शाल टांगलेली. तिनं इंग्रजीत विचारलं, काय त्रास होतोय. मी भाषांतर केलं. मावशीनं साखरेचं नावसुद्धा घेतलं नाही. डोकं, सूज, काजवे, बरगडीखाली कळ, रुतणाऱ्या बांगड्या, सगळं एका दमात सांगून मोकळी झाली. अध्यक्ष पहिल्या रांगेतून माझ्याकडं डोळे वटारून बघत होता. मी काय करणार? जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं.

नेपाळची मुलगी पुढं वाकली. इंग्रजी सोडून एकदम हिंदीत मावशीलाच म्हणाली, "कितना महीना चल रहा है?"

सभागृह फुटलं हसून. नेट इतकं अडखळत होतं की म्हातारी तिला तरणी दिसली असणार, असं मागं कोणीतरी ओरडलं. मीही हसायच्या बेतात होते. पण मावशीला टीव्हीवरच्या मालिकांमुळं हिंदी कळत होती आणि माझ्या भाषांतराची तिला गरज नव्हती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "आठवा."

हसू एकदम थांबलं नाही. रांगेरांगेनं थांबत गेलं. पडद्यावरची मुलगी हसत नव्हतीच. ती म्हणाली, "बीपी देखो. आज. अभी." मावशी उठली, मंचाच्या मागच्या पायऱ्यांनी उतरली आणि चालू पडली. माइक टाकून मी तिच्यामागं धावले.

सभागृहामागं पाहुण्यांचं जेवण रांधणाऱ्या आचाऱ्याच्या चुलीमागं, भांडी घासायच्या नळाशी ती सापडली. पायातून निसटलेली चप्पल शोधत होती.

"मावशी, कोण आहे आठव्या महिन्यात? सून?"

"मला येष्टी गाठायचीया."

"अहो, ते दुखणं जीव घेतं! बाईचा आणि बाळाचा, दोघांचा. झटके येतात. कोण आहे सांगा मला!"

"शपथ घातलीया तिनं. पोटावर हात ठिवून घेतलीया माझ्याकडनं. तिचं कुणाला बी सांगायचं न्हाई. पोटातल्या लेकराची शपथ हाय, पोरी. कशी मोडू?"

"शपथेनं बीपी उतरत नाही, मावशी!"

मी ओरडलेच. चुलीवरचा आचारी वळून बघू लागला. मावशीनं ओठ असे मिटले की आता काही बाहेर पडणार नाही, हे मला कळलं. दुकानात असं गिऱ्हाईक आलं की अब्बा आवाज चढवत नाहीत, खाली बसतात. मीही ओल्या फरशीवर खाली बसले. आणि बसल्या बसल्या माझ्या टाळक्यात उजेड पडला. ही बाई खोटं बोलतच नव्हती. सुनेचं सांगायचं नाही, अशी शपथ होती; म्हणून ती स्वतःचं म्हणून सांगत होती. आम्हाला, मेडिकलवाल्याला, जो ऐकेल त्याला.

"बरं," मी म्हटलं. "तिचं नका सांगू. आपली फेरी अजून संपलेली नाही. पेशंट तुम्हीच ना?"

ती हळूच म्हणाली, "व्हय. म्याच."

"आज कसं वाटतंय?"

"सकाळधरनं नीट दिसंना मला."

"आत्ता तुम्ही कुठं आहात?"

"घरी. पडवीत निजलेय."

"जवळ कोण आहे?"

"माझा ल्योक..." ती अडखळली. "न्हाई. मालक हायेत. माझे मालक."

"गाडी कुठवर येते?"

तिनं सगळं सांगितलं. डिंभ्याच्या धरणापलीकडं, फाट्यावरून उतार, टाकीपाशी थांबायचं, पुढं बांधावरून पायी.

"खालच्या दवाखान्यात नेलं तर चालेल?"

"न्हाई! तिथं केसपेपरच्या खिडकीत माझा चुलता बसतो. म्या पळून जाऊन लगीन केलंय, दुसऱ्या समाजात. त्यानं नाव बघितलं की भाऊ येत्याल. तंगडं तोडीन म्हणलेत, माझं बी आन माझ्या मालकाचं बी." एवढं बोलून ती रडायला लागली, पण बोलायची थांबली नाही. "मला लांब ने, पोरी. जिथं मला कुणी वळखत न्हाई, तिथं ने."

पाहुण्यांना भीमाशंकरला न्यायला ठरवलेली जीप आवारातच उभी होती. मी बाळंतपणाचा विषय शिकवणाऱ्या आमच्या मॅडमना हाताला धरून बाहेर आणलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले आणि बीपीचं मशिन घेतलं. अध्यक्ष आडवा आला, गाडी पाहुण्यांची आहे म्हणाला. मी त्याला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण एक सांगते, गाडीत पाण्याच्या बाटल्यांचं खोकं त्यानंच टाकलं आणि ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसला. त्या पांढऱ्या शर्टातच तो पुढं बांधावर मावशीच्या सुनेचं डोकं धरून चालत होता.

पोरगी माझ्याच वयाची. तोंड सुजून डोळे बारीक झालेले, मनगटात बांगड्या मांसात बसलेल्या. नवरा शेजारी उभा, हातात काठी. आम्ही तिच्या माहेरची माणसं नाही, याची खात्री पटेपर्यंत त्यानं ती खाली ठेवली नाही. मशिन बघून मॅडम फक्त म्हणाल्या, "उचला." पोरीला आमचे चेहरे दिसत नव्हते. "कोन हाय? कोन आलंय?" असं ती विचारत होती. जीपमध्ये मी अब्बांसारखं तिचं मनगट मांडीवर घेतलं आणि कात्रीनं, रुमाल खाली घालून, एकेक बांगडी फोडून काढली. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये तिला झटका आला. मॅडमनी तिला कुशीवर धरून ठेवलं, मी रडत होते आणि ड्रायव्हर हॉर्नवरून हात काढत नव्हता.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. मुलगी झाली, मूठभर, काचेच्या पेटीत ठेवलेली, पण रडणारी. पोरगी बरेच दिवस गुंगीतच होती आणि तिची नजर मात्र लगेच परतली नाही. मी रोज कॉलेज बुडवून जात होते, आणि रोज डॉक्टर म्हणत होते, येईल, थांबा. मावशी पलंगाच्या पायथ्याशी बसून असायची. मला वाटायचं, नजर नाही आली तर ही बाई शपथेलाच दोष देणार, आणि मग मी तिला काय सांगू?

एका सकाळी मी डबा घेऊन गेले तर पोरगी उशीला टेकून बसली होती आणि दाराकडं बघत होती. खरंच बघत होती. माझ्या पांढऱ्या ॲप्रनवर तिची नजर अडकली आणि तिचा चेहरा भीतीनं पांढरा पडला.

"ही कोन? आत्या, हिला कुनी सांगितलं माझं? तुमी सांगितलंत? शपथ घेतली व्हती तुमी!"

मावशीनं तिच्या कपाळावरचे केस मागं सारले.

"तुझं म्या कुणाला काय बी सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "आजारी म्या व्हते. गाडी मला न्यायला आली व्हती."