वाडीचा डोंगर

महाडच्या बाजारपेठेत पहिल्या मजल्यावर माझा कॉम्प्युटर क्लास होता. दुपारी क्लास रिकामा असे, तेव्हा मी एक वेगळंच काम करायचो. परदेशातला एक माणूस गोल्फच्या कॉम्प्युटर गेमसाठी मैदानं बनवायचा. त्याला खऱ्या जमिनीचे चढउतार लागत. अवकाशातून रडारने मोजलेल्या उंचीचे आकडे तेव्हा नुकतेच फुकट मिळू लागले होते. ते उतरवून घ्यायचे, हवा तेवढा तुकडा कापायचा आणि त्याचं करड्या रंगाचं चित्र करायचं. उंच तिथे पांढरं, खोल तिथे काळं. ते गेममध्ये घातलं की डोंगर उभा राहायचा. खरा गोल्फ मी कधी पाहिलाही नव्हता.

त्याने नमुना मागितला म्हणून मी आंबेनळी घाटाच्या बाजूचा, मामांच्या वाडीचा डोंगर घेतला. दर नव्वद मीटरला एक आकडा. त्यात वीस घरांची वाडी कुठून दिसणार? उतारावरून चेंडू थेट ओढ्यात जायचा, म्हणून मी वाडीची जागा सपाट केली, वरचा कडा जरा मागे ढकलला आणि तिथे चेंडू पाडायच्या खड्ड्याभोवतीची हिरवळ आणि झेंडा बसवला. मूळ फाइलवरच सेव्ह केलं. मामा बाजाराला आले तेव्हा त्यांना दाखवलं.

"आमच्या घरावर गवत लावलंस? बरं झालं, गुरांची सोय झाली," म्हणाले.

त्याच वर्षी पावसात सावित्री नदी बाजारपेठेत शिरली. खालची दुकानं बुडाली. पाणी उतरतंय तोच निरोप आला, की वाडीवर डोंगर आला. मामा पोलादपूरला मामींचं औषध आणायला गेले होते, म्हणून वाचले. मामी आणि सून घरात होत्या.

दुसऱ्या दिवशी मामाच माझ्याकडे आले. गुडघ्यापर्यंत चिखल होता.

"समदं एकसारकं झालंय. खणायला मशीन आलंय, पण खणायचं कुठं ते कुणालाच कळत नाय. तुज्याकडं जुना डोंगर हाय ना? माजं घर दाखव."

वीज नव्हती. शेजारच्या ट्रान्सपोर्टवाल्या चाचांनी जनरेटर वर चढवून दिला. फाइल उघडली, तर माझी हिरवळ समोर आली, वर लाल झेंडा. मूळ आकडे मीच पुसले होते आणि टेलिफोन बंद, म्हणजे इंटरनेटही बंद, त्यामुळे पुन्हा उतरवून घेता येणार नव्हते. मला तेव्हाच सांगायला हवं होतं, की यातून काही कळणार नाही. पण मामा खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. मी ओढ्याच्या वळणापासून माप घेतलं आणि सांगितलं, "वळणापासून दोनशे पावलं वर, डाव्या अंगाला."

त्यांनी ते मला कागदावर लिहून द्यायला लावलं.

मीही सोबत गेलो. मामांनी मशीनवाल्याला कागद दाखवला. "माजा भाचा कॉम्प्युटरवाला हाय." अंधार पडेपर्यंत तिथेच खणलं. कुणाच्या तरी गोठ्याचा वासा निघाला, बाकी नुसती माती. दुसऱ्या दिवशी मशीन खाली नेलं. तिथे दुपारी दोघी सापडल्या, चुलीपाशी, एकमेकींना धरून. डॉक्टर म्हणाले, पहिल्या क्षणीच गेल्या असतील. ते मामांसाठी म्हणाले की खरंच तसं होतं, मी विचारलं नाही.

महिन्याभराने परदेशातून मेल आली. डोंगरातलं मैदान खेळणाऱ्यांना फार आवडलं होतं; तशीच आणखी तीन हवी होती. मी वाडीबद्दल काही लिहिलं नाही. तीन मैदानं करून दिली.

मामा हायवेलगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहू लागले. दिवाळीच्या सुमारास मी तिथे गेलो आणि सगळं सांगितलं: डोंगर मी बदलला होता, मूळ आकडे नव्हतेच, मी अंदाजाने बोललो, त्यात एक दिवस गेला.

मामांनी स्टोव्ह पुढे ओढला.

"चाळीस वर्सं ऱ्हायलो रे मी त्या घरात," ते म्हणाले. "तिथं उभा ऱ्हावून मला सांगता आलं नाय. तू काय सांगणार."

मग त्यांनी स्टोव्ह पेटवला आणि चहा ठेवला. साखर संपली होती. आम्ही तसाच प्यायलो.